मुलींच्या हॉकीविषयी अहवाल

४ जानेवारी १९३७, सोमवार

आज शाळा कमिटीची बैठक झाली. तेवीस पालकांच्या सह्यांचा अर्ज आला आहे. कुंभकोणच्या मुलींच्या हायस्कुलात गेल्या जूनपासून जी हॉकी सुरू झाली, ती ताबडतोब बंद करावी. मुली धावतात, वाकतात, आणि मैदानाचे कुंपण रस्त्याला लागून आहे, अशी कारणे दिली आहेत.

अध्यक्ष चंद्रमौळी अय्यर वकील. त्यांनी सुचवले की कोणीतरी सहा आठवडे खेळ प्रत्यक्ष पाहून अहवाल द्यावा, आणि माझ्याकडे बोट दाखवले. "सेतुराव तीस वर्षे सब-रजिस्ट्रार होते. समोर दोन पक्ष भांडत असले तरी यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे. शिवाय यांची मुलगी त्या शाळेत असून खेळत नाही." सगळे हसले. मी काम पत्करले. मला या विषयात मत नाही, ही गोष्ट खरीच आहे.

५ जानेवारी

दुपारी चारला मैदानावर गेलो. करंजाच्या झाडाखाली मला खुर्ची दिली. आमच्याकडचा हिवाळी पावसाळा संपून महिना झाला, तरी एका कोपऱ्यात अजून चिखल आहे.

शिकवणाऱ्या नागलक्ष्मी टीचर मद्रासहून कसरतीचे शिक्षण घेऊन आलेल्या, वय चोवीसच्या आसपास, गळ्यात शिट्टी. नमस्कार करून म्हणाल्या, "सार, हव्या तितक्या चुका लिहा. पण खेळ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बसा." मी म्हणालो, माझी पद्धत तीच आहे.

खेळाडू बरोबर अकरा, जास्त एकही नाही. अनवाणी. परकर आणि वर दावणी, म्हणजे अर्धी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. आरंभी दोघी समोरासमोर उभ्या राहून काठ्या तीनदा जमिनीवर आणि तीनदा एकमेकींवर आपटतात, मग चेंडूवर तुटून पडतात. तासाभरात मुली चौदा वेळा पडल्या. त्यांतल्या अकरा वेळा परकरात पाय अडकून. परकर चार बोटे आखूड असता तर या अकरा वेळा टळल्या असत्या. ही शिफारस नव्हे, निरीक्षण आहे.

शेजारच्या दारासुरम गावच्या एका विणकराची मुलगी आहे, कामाक्षी. तिच्याकडे चेंडू गेला की बाकीच्या क्षणभर थांबून बघतात.

पंकजा छत्री आणि कॉफीचा तांब्या घेऊन माझ्याबरोबर आली. म्हणाली, "अप्पा, तुम्हाला उन्हाचा त्रास होतो." तिची आई जाऊन नऊ वर्षे झाली, पण मुलीने काळजी घेण्यात कमी केलेली नाही.

९ जानेवारी

टीचरांकडून नियमांचे पुस्तक आणले. अक्षर बारीक, म्हणून पंकजा वाचून दाखवते. ऑफसाइडचा नियम मला कळेना. चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी आपल्यापुढे विरुद्ध बाजूच्या तिघी तरी हव्यात. पंकजाने तांदूळ पाटावर मांडून समजावला. नंतर लक्षात आले की समजावताना तिने पुस्तक मिटून ठेवले होते. वाचनाने चांगली स्मरणशक्ती येते.

अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाटावरचे तांदूळ उचला, मला शिजवायचेत." अलमेलूअक्का माझी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. विधवा झाल्यापासून आमचे घर तीच चालवते. तिला या असल्या विषयांत रस नाही.

१६ जानेवारी

पोंगलच्या भेटीला तंजावरहून हनुमंतराव आले होते. त्यांचे पणजे तिथल्या मराठी राजांच्या वाड्यात फडणिशीत होते, आमचे पुस्तकशाळेत. इतकी पिढ्यांची ओळख. मुलगा नटराज पाटबंधारे खात्यात लागला आहे. पंकजाविषयी विचारणा केली. मला पसंत आहे. पंकजाला सांगितले तेव्हा ती खाली मान घालून उभी राहिली. मुली लाजतातच.

१८ जानेवारी

पंकजाच्या नडगीवर मोठे काळेनिळे वळ. विचारले तर म्हणाली, "मेलकावेरीच्या घाटावर दुसऱ्या पायरीवरून पाय घसरला." मी अक्काला विचारण्याआधीच अक्का म्हणाली, "मेलकावेरीच्या घाटावर दुसऱ्या पायरीवरून तिचा पाय घसरला." दोघींचे म्हणणे शब्दशः एकच. तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या जुळणाऱ्या साक्षी मी क्वचितच पाहिल्या. शंकेला जागा नाही.

२३ जानेवारी

परसातल्या लिंबाच्या झाडाची खालची फांदी मोडली आहे. अक्का म्हणते, माकडे.

ती मागच्या ओसरीवर जुन्या लुगड्याचे काहीतरी शिवत होती. विचारले, "उशीचा अभ्रा का?"

"हो."

"दोन तोंडे कशाला ठेवलीस?"

"उशा दोन आहेत," म्हणाली.

२५ जानेवारी

आज कुंपणाबाहेर दहा-बारा पुरुष जमले. एकजण मोठ्याने काहीबाही बोलू लागला. ते शब्द इथे लिहीत नाही. कामाक्षी जागच्या जागी उभी राहिली. काठी दोन्ही हातांत घट्ट, आणि मान खाली. टीचर कुंपणाकडे निघाल्या.

मी त्यांना थांबवले आणि वही घेऊन स्वतः गेलो. म्हणालो, "कमिटीच्या अहवालात बघणाऱ्यांचीही नोंद करायची आहे. आपले नाव? वडिलांचे नाव? राहण्याचे ठिकाण?" पहिल्याने नाव सांगितले नाही. दुसऱ्याला विचारेपर्यंत बाकीचे निघून गेले होते. एकही नोंद होऊ शकली नाही.

खुर्चीवर परत आलो तेव्हा पंकजाने कॉफी ओतून दिली. निम्मी बाहेर सांडली. बहुधा तांब्या गरम असावा.

३० जानेवारी

त्रिचीच्या रेल्वे वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन मुलींचा संघ तेरा फेब्रुवारीला शनिवारी इथे सामना खेळायला येणार. त्या पाच वर्षे खेळताहेत, पायांत बूट असतात. आपल्या मुलींचा हा पहिलाच सामना. कुंभकोणच्याच काय, या सबंध पट्ट्यातल्या आपल्या मुलींचा पहिला, असे टीचर म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की पडताळून पाहिल्याशिवाय असे लिहिता येणार नाही. "नका लिहू सार," त्या म्हणाल्या, "पण खरं आहे."

आपल्या उजव्या बाजूच्या दोघी फार पुढे सरकतात आणि मागे रान मोकळे राहते. हे मी टीचरांना बोललो. अहवालाशी याचा संबंध नाही.

३ फेब्रुवारी

हनुमंतरावांचे पत्र. चौदा तारखेला रविवारी सहकुटुंब मुलगी पाहायला येतात. खाली ओळ: "तुमच्या गावात मुली काठ्या घेऊन मैदानात खेळतात असे ऐकले. आपली कन्या त्यांत नसावी." मी लगेच उत्तर लिहिले, "माझी मुलगी हॉकी खेळत नाही. उलट त्या प्रकाराची चौकशी माझ्याचकडे आहे."

९ फेब्रुवारी

चंद्रमौळी घरी येऊन गेले. तिण्णैवर, बाहेरच्या ओट्यावर बसूनच बोलले. "काय राव, अहवाल कसा होतोय?" मी म्हणालो, चाललाय. ते म्हणाले, "तंजावरच्या हनुमंतरावांना मी ओळखतो. चांगली माणसं. अशा घराला शहरात बोभाटा आवडत नाही." अहवाल आणि माझ्या घरचे कार्य यांचा त्यांनी एकत्र उल्लेख का केला ते कळले नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचे सविस्तर लिहिणे भाग आहे.

चारला मैदानावर गेलो तर दहाच मुली. डाव्या बाजूला मागे खेळणारी शिवकामी आलीच नाही. तिच्या वडिलांनी तिला आजोळी आडुतुरैला पाठवले. टीचर शिट्टी हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "दहाजणींना घेऊन खेळले तर लोक हसतील. त्रिचीला तार करते, येऊ नका." कामाक्षी म्हणाली, "टीचर, मी दोघींचं खेळेन." मग टीचरांनी पंकजाकडे पाहिले. पंकजाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ऊन उतरले, घरी चला.

घरी आल्यावर पंकजा माझ्यासमोर उभी राहिली.

"अप्पा, मी उद्या खेळू?"

"तुला खेळता येत नाही."

अक्का उठली, कोठीच्या खोलीत गेली आणि तांदळाच्या रांजणामागून हॉकीची काठी घेऊन आली. मुठीला चिंधी गुंडाळलेली, चिंधी घामाने काळी पडलेली. तिने काठी माझ्यापुढे पाटावर ठेवली.

"सेतू, तू रोज जाऊन मैदान बघतोस, पण घरात बघत नाहीस. रोज सकाळी उजाडल्यावर मी परसात कवठं टाकते आणि ती अडवते. तू तेव्हा संध्येला बसलेला असतोस. आधी दहांतली आठ सुटायची. आता मला दमवते."

"केव्हापासून?"

"नवरात्रातल्या आयुधपूजेपासून," पंकजा म्हणाली. "दुपारच्या सुट्टीत टीचर शिकवतात. जूनमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पाहू."

मला आठवत नाही. पण मी तसे म्हणालो असेन.

"मग जानेवारीत तरी का नाही सांगितलेस?"

"टीचर म्हणाल्या, तू संघाबाहेरच राहा. तू खेळलीस तर तुझ्या अप्पांच्या जागी दुसरे कोणी येतील आणि आठ दिवसांत सगळं बंद करतील."

मी काठी उलटी करून पाहिली. मग म्हणालो, "मी हनुमंतरावांना लिहून दिले आहे की माझी मुलगी खेळत नाही. तू खेळलीस तर ते विधान खोटे ठरेल."

"मग दुसरं पत्र लिहा," पंकजा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मी सामना कधी खेळले नाही, अप्पा. आजपर्यंतचं तुमचं खरंच आहे."

अक्काने दौत आणून ठेवली. मी लिहिले: "तीन तारखेच्या पत्रातील माझे विधान उद्या दुपारी चारपासून खरे राहणार नाही. कळावे." शेवटच्या टपालाआधी स्वतः जाऊन टाकले. पेटीत टाकल्यावर क्षणभर हात आत अडकल्यासारखा वाटला. अडकला नव्हता.

१३ फेब्रुवारी

सामना चारला सुरू. प्रेक्षक कुंपणाबाहेर सुमारे तीनशे, आत चाळीस. बायका शाळेच्या गच्चीवर. त्यांत अक्का. तिने शिवलेले ते दुतोंडी वस्त्र परकराखाली घालायचे होते. त्यामुळे परकर गुडघ्याच्या जरा खालपर्यंत वर खोचता आला आणि पंकजा एकदाही अडखळली नाही.

पहिल्या पाच मिनिटांत त्रिचीने तिच्याच बाजूने गोल केला. ती चेंडूकडे पाहत राहिली आणि त्यांची लाल वेणीची मुलगी बाजूने निघून गेली. बाहेरचे लोक ओरडले. पंकजा खाली वाकून पायाची माती पुसत बसली. रडू लपवण्याची ही युक्ती मी तिच्या लहानपणापासून ओळखतो. दुसरा गोल मधून झाला, त्यात तिचा दोष नाही.

उत्तरार्धात कामाक्षीने अर्ध्या मैदानापासून चेंडू नेला, तिघींना चुकवले आणि गोल केला. कुंपणाबाहेरून पुन्हा आरडाओरडा झाला. या वेळी तो वेगळा होता.

शेवटची दहा मिनिटे त्रिचीचे हल्ले सारखे डावीकडून. पंकजाने सात वेळा चेंडू अडवला. मी मोजले. सातव्या वेळी त्या लाल वेणीच्या मुलीची काठी उचलली गेली आणि पंकजाच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, पुढचा एक दात अर्धा तुटला. टीचर धावल्या. पंकजाने रक्त थुंकले, हाताने "नको" म्हणून खूण केली आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

सामना दोन-एकने हरलो.

मागाहून टीचरांनी सांगितले की शेवटच्या पाच मिनिटांत मी खुर्ची सोडून थेट रेषेवर आलो होतो आणि मराठीत "ऑफसाइड! डोळे फुटले काय तुमचे?" असे पंचांवर ओरडलो. त्यांना मराठी समजत नाही, पण आवाज समजला म्हणाल्या; शब्द पंकजाने सांगितले. मला असे काही आठवत नाही.

१४ फेब्रुवारी

हनुमंतराव आले. मला वाटले होते येणार नाहीत. सोबत त्यांची बायको. मुलगा आला नाही. पंकजाचा ओठ चांगलाच सुजलेला. अक्काने तिला लपवायचा प्रयत्न केला नाही, केसांत फुले माळून समोर बसवले.

हनुमंतराव कॉफी पिऊन म्हणाले, "तुमच्या पत्राचा मी आदर करतो. दुसऱ्या कोणी लिहिलं नसतं. झालं ते झालं. एवढंच विचारतो, लग्नानंतर हे बंद होईल ना?"

सगळ्यांनी पंकजाकडे पाहिले. तिने मान डोलावली असती तरी पुरे होते.

"तंजावरला मैदान आहे का?" तिने विचारले. ओठामुळे शब्द नीट आले नाहीत, पण सगळ्यांना कळले.

हनुमंतरावांच्या बायकोने पदराने तोंड झाकले. हसल्या की रडल्या ते समजले नाही. जाताना त्यांनी पंकजाच्या गालाला हात लावला. पुन्हा यायचे बोलणे झाले नाही.

१५ फेब्रुवारी

कमिटीची बैठक. मी अहवाल वाचला, एकवीस पाने. अपघात, पोशाख, वेळा, लोकांची वागणूक, सर्व. शेवटी नमूद केले की तेरा तारखेपासून माझी मुलगी या संघात असल्याने मी आता त्रयस्थ नाही.

चंद्रमौळी म्हणाले, "एवढं लिहिलंत, पण खेळ ठेवावा की बंद करावा ते कुठे आहे?"

"मी पाहिले तेवढे लिहिले."

मग मते घेतली. ठेवण्याच्या बाजूने तीन, बंद करण्याच्या बाजूने तीन. मी हात वर केला नाही. ज्या दस्तात आपला संबंध असतो तो सब-रजिस्ट्रारने नोंदवायचा नसतो, हे मी तीस वर्षे पाळले. समसमान झाल्यामुळे अध्यक्षांनी आपले मत टाकले. शाळेच्या मैदानावर हॉकी बंद. नागलक्ष्मी टीचरांची नेमणूक मार्चअखेर संपेल, पुढे वाढवायची नाही.

घरी सांगितले. पंकजाने विचारले, "तीन आणि तीन?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मला हात वर करता येत नव्हता."

ती आत गेली. अक्काने माझे पान वाढले, पण समोर बसली नाही.

२४ फेब्रुवारी

पंकजा माझ्याशी कामापुरते बोलते. पाणी तापले. टपाल आले. ताप नाही, पोट दुखत नाही, अभ्यास करते. मी नियमाप्रमाणे वागलो. हे वाक्य मी आज तीनदा लिहून खोडले, कारण त्यापुढे काय लिहायचे ते सुचेना.

१२ मार्च

मेट्टूर धरणाचे पाणी बंद झाल्यापासून नदी आटत चालली आहे. मेलकावेरीच्या बाजूला पात्रात एका कडेला बारीक धार उरली. धारेलगतची ओली वाळू दाबून बसलेली असते, तिच्यावर चेंडू चांगला पळतो. ही गोष्ट कामाक्षीने शोधून काढली. ती दारासुरमहून चालत येते. चार दिवसांपासून मुली तिथे खेळताहेत. हे मला अक्काने सांगितले.

मी पुलावरून पाहिले. सोळाजणी होत्या. शिवकामी आडुतुरैहून परत आलेली दिसली. पाचजणी मला अनोळखी, त्यांतल्या दोघी परकरसुद्धा न खोचता धावत होत्या. नदीचे पात्र कमिटीच्या अखत्यारीत येत नाही.

२९ मार्च

टीचर त्रिचीला निघाल्या. तिथे एका शाळेत काम मिळाले. निरोपाला घरी आल्या. पंकजा आत रडत होती, म्हणून त्या माझ्याशीच बोलत बसल्या.

मी म्हणालो, "त्या दिवशी माझे एक मत पुरले असते. मला ते माहीत होते."

असे मी कोणापुढे बोललो नव्हतो. त्यांनी मला धीर दिला नाही. म्हणाल्या, "हो सार. पुरलं असतं." मग थोड्या वेळाने, "नदीवर आता दोन संघ होतात. पण रोज भांडणात निम्मा वेळ जातो. कोणाचं ऐकायचं ते ठरत नाही. कोणाचीच बाजू न घेणारा माणूस लागतो." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्यापुढे ठेवली.

मी ती उचलली. उचलताना विचार केला नाही, ही गोष्ट नमूद करतो.

४ एप्रिल, रविवार

आज साडेचारला वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचून वाळूत उतरलो. बावीसजणी. अगदी अकरा आणि अकरा. काठ्या पुरल्या नाहीत म्हणून सहाजणींच्या हातात बाभळीची वाकडी लाकडे. पुलावर बरीच गर्दी. चंद्रमौळी छत्री घेऊन कठड्याशी उभे होते. मी त्यांना नमस्कार केला, त्यांनीही केला. ते शेवटपर्यंत थांबले.

पंकजा एका बाजूला, कामाक्षी दुसऱ्या. एक-एक बरोबरी. शेवटच्या मिनिटाला कामाक्षीने चेंडू मारला, पंकजा आडवी पडली, चेंडू तिच्या काठीला लागून दोन खांबांमधल्या रेषेपाशी थांबला. पंकजाने झटकन तो बाहेर काढला. बावीसही मुली माझ्याकडे पाहू लागल्या.

मी चार हात अंतरावर होतो. चेंडू रेषेच्या पलीकडे गेला होता. एक बोट, पण गेला होता. मी शिट्टी वाजवली आणि गोल दिला. पंकजाचा संघ हरला.

"अप्पा, तो रेषेवर होता!" ती तिथूनच ओरडली. गेल्या सात आठवड्यांत कामाशिवाय ती माझ्याशी बोलण्याची ही पहिलीच वेळ.

वाळू चढून घाटापर्यंत ती भांडत होती. घाटापासून बाजाराच्या रस्त्यापर्यंत भांडत होती. लोक वळून बघत होते. तिचे म्हणणे असे: ओली वाळू खचते, रेष पुसट झाली होती, मी डाव्या हाताला उभा असल्याने मला तिरके दिसले, चष्माही बदलायला झालाय. अक्काने पान वाढले तेव्हा पंकजा समोर बसून पाटावर बोटाने रेष काढून दाखवत होती, तुटलेल्या दातातून शब्द फुसफुसत होते, आणि भात निवत होता. तिचा एक मुद्दा तर बिनतोड होता. मी मध्ये काहीच बोललो नाही. बोललो असतो तर ती थांबली असती.

गोल होता.